आईची शपथ, लेकीचं लग्न

रविवारी चर्चमधून आली की तेल्वा आधी गॅसवर काशूपाचं पातेलं चढवायची. मका, घेवडा आणि डुकराचं मांस एकजीव होऊन रटरटायला लागलं की मग लेकीला फोन. अमेरिकेत, न्यू बेडफर्डमधल्या तिच्या दोन खोल्यांत दुपार असायची तेव्हा तिकडे महासागरापलीकडच्या फोगो बेटावर उन्हं कलायला लागलेली असायची आणि जांदिरा मळ्यातून घरी येऊन पाय धूत असायची. हे वर्षानुवर्षं असंच चाललेलं. त्या रविवारी मात्र पातेल्याला उकळी फुटायच्या आतच फोन वाजला. जांदिरानेच केला होता.

"आई, ऐक. मी लग्न करतेय."

"कुणाशी?" तेल्वाच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाशी म्हणजे? आदेरितोशी! बारा वर्षं एका घरात राहतोय, दोन पोरं आहेत आमची. आता आणखी कुणाशी करू, पाद्रीबाबांशी?"

तेल्वाने गॅस बारीक केला. डाव तसाच हातात राहिला.

"जांदिरा, तुला माहितीये ना? लग्न केलंस की तुझा अमेरिकेचा अर्ज मेला."

"माहितीये. तूच सांगतेस दर वेळी. थांब, जांदिरा. अजून थोडं थांब. आई, मला अडतिसावं लागलं. गावातल्या एकूण एक बहिणीच्या लग्नात नवरीच्या झग्याची शेपटी मी धरली. परवा धाकटीने विचारलं, आई, तू नवरी कधी होणार? आदेरितोची आई तर उघडउघड म्हणते, अमेरिकेची वाट बघणारी सून आणली, म्हातारी होऊन नवरी होणार. काय उत्तर देऊ मी?"

काशूपा खाली लागला, त्याचा वास घरभर पसरला, तेव्हा तेल्वा भानावर आली.

या थांबण्याची गोष्ट जुनी होती. तेल्वाचा थोरला भाऊ लालाऊ तरुणपणीच न्यू बेडफर्डला आला, मासेमारीच्या बोटीवर लागला आणि नागरिक झाला. मग त्याने बहिणीसाठी अर्ज केला. तेव्हा जांदिराचे दुधाचे दात पडत होते. तिचा बाप पोर्तुगालला गेला तो तिकडचाच झाला होता. मायलेकींनी एकदमच जायचं असं ठरलेलं. पण भावाबहिणीच्या अर्जाची रांग इतकी लांब, की तेल्वाचा नंबर लागेपर्यंत पोरीने एकविशी ओलांडली. एकविशी ओलांडलेल्या मुलांना आईच्या कागदावर जागा नव्हती. विमानात तेल्वा एकटीच चढली.

पुढे तिने लेकीसाठी स्वतःचा अर्ज भरला खरा, पण त्यातही एक मेख होती. आईकडे नुसतं ग्रीन कार्ड असलं तर तिला बिनलग्नाच्या मुलीसाठीच अर्ज करता येतो. मुलीचं लग्न झालं की अर्ज तिथेच संपला. आई नागरिक झालेली असली तर मात्र लग्न झालेली मुलगीही चालते. रांग लांबते, पण अर्ज जिवंत राहतो. म्हणून सगळं येऊन अडत होतं ते तेल्वाच्या नागरिकत्वावर.

आणि नागरिकत्वाचं नाव काढलं की तेल्वा विषय बदलायची.

ती येऊन सात वर्षं झाली होती तेव्हा फोगोचा डोंगर फुटला. लाव्हा सावकाश, एखाद्या गुरासारखा रवंथ करत खाली आला आणि त्याने पोर्तेला गाव गिळलं. तिच्या आईचं घर, दारातलं अंजिराचं झाड, शाळा, सगळं. माणसं वाचली, पण म्हातारीने त्या दिवशी अंथरूण धरलं ते सोडलं नाही. तेल्वा मिळेल त्या विमानाने गेली. पंधरा दिवसांसाठी गेलेली बाई आठ महिने राहिली. आईला माती देऊनच परतली. बॉस्टनच्या विमानतळावर खिडकीमागच्या माणसाने तिला कडेला बसवलं आणि दुभाष्याकरवी विचारलं, "तुम्ही नक्की राहता कुठे? इथे की तिथे?" तासभर बसवून मग सोडलं.

ही हकिकत तिने न्यू बेडफर्डमधल्या शिको न्हाव्याच्या दुकानात सांगितली. शिकोचं दुकान म्हणजे अर्ध्या फोगोची कचेरी. तो कात्री चालवता चालवता सगळ्या जगाचे कायदे सांगायचा. त्याने कात्री थांबवली, आरशातून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलीस? मग संपलं, तेल्वा. तुझी सगळी वर्षं पुसली गेली. आता नागरिकत्वाच्या कचेरीच्या आसपाससुद्धा फिरकू नकोस. फाईल उघडली की कार्डही काढून घेतील आणि पुढच्या विमानात बसवतील."

विमानतळावरचा तास ताजा होता. तेल्वाने शिकोचा शब्द न शब्द खरा मानला. शिवाय इंग्रजी! मासळीच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर सगळ्या बाया बेटांवरची क्रिओल भाषा बोलणाऱ्या, नाहीतर स्पॅनिश. एवढ्या वर्षांत तिला इंग्रजीचे चार शब्द आले होते आणि त्यातले दोन माशांची नावं होती. लिहिण्यावाचण्याची तर गोष्टच सोडा. तेव्हा तिने तोंड मिटलं. लेकीला सांगितलं, थांब. भावाने विचारलं तर म्हणाली, बघू पुढच्या वर्षी. खरं कारण तिने सख्ख्या भावालाही सांगितलं नाही.

जांदिराच्या त्या फोननंतर मात्र तिला राहवेना. संध्याकाळी ती लालाऊकडे गेली. लालाऊ सत्तरीचा, बोटीवरून निवृत्त झालेला, पण आवाज अजून वादळात ओरडल्यासारखा. तो अंगणात जाळं विणत बसला होता. आता त्याचा उपयोग फक्त टोमॅटोच्या वेलांना व्हायचा.

तेल्वाने सगळं सांगितलं. विमानतळ, शिको, पुसलेली वर्षं. सांगताना तिला रडू आलं. लालाऊ ऐकत राहिला आणि मग त्याने जाळं फेकून दिलं.

"शिको? कोण, तो न्हावी शिको? अगं, त्याला केस सरळ कापता येत नाहीत, तो तुला कायदा शिकवणार? माझ्या मुलाच्या लग्नात सगळे पाहुणे नवरदेवाच्या डोक्याकडे बघून विचारत होते, याला काय झालं म्हणून!"

"पण विमानतळावर त्या माणसाने..."

"त्याने तुला आत सोडलं ना? मग! आणि तू इतकी वर्षं मला बोलली नाहीस? मी काय मेलो होतो?"

"तू चिडशील म्हणून नाही बोलले."

"आता कोणी हसतंय का इथे?" असं ओरडून लालाऊने डोळे पुसले. "उद्या काम सुटलं की बूट न काढता माझ्याकडे ये. चर्चच्या तळघरात ती पोरगी बसते ना, वकिलीणबाई, तिच्याकडे जाऊ."

ती पोरगी म्हणजे झुलैका. तिची आजी फोगोशेजारच्या ब्रावा बेटावरची, पण झुलैका स्वतः इथेच जन्मलेली. क्रिओल बोलायची ती तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी. चर्चच्या तळघरात सोमवारी आणि बुधवारी ती लोकांचे कागद विनामूल्य बघायची. तेल्वा तिच्यासमोर बसली तेव्हा अंगाला मासळीचा वास होता आणि हात मांडीखाली दडवलेले होते.

झुलैकाने सगळी हकिकत ऐकून घेतली, पासपोर्ट चाळला, ग्रीन कार्ड उलटंसुलटं करून बघितलं.

"मावशी, एक सांगा. आईसाठी गेला होतात ते सोडून नंतर कधी लांब गेलात?"

"कुठली जाते? तेव्हापासून बेट डोळ्यांनी पाहिलं नाही. परत येऊ देतील की नाही ही भीती."

"कर भरता?"

"कारखानाच कापून घेतो. वर लालाऊच्या हिशेबनीसाकडून दरवर्षी भरते."

"पोलीस, भांडण, मारामारी?"

"हिच्याकडून?" मागून लालाऊ म्हणाला. "ही माशाचीसुद्धा माफी मागून मग त्याला कापते."

झुलैका हसली आणि तिने पासपोर्ट मिटला.

"हे बघा. तुमच्या शिकोने अर्धंच ऐकलंय. ग्रीन कार्ड मिळाल्यावर सलग पाच वर्षं इथे राहायला लागतं, मग नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. कुणाचं लग्न नागरिकाशी झालेलं असेल तर तीनच. मधे कुणी सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर ती सलगता तुटली असं धरू शकतात. इथवर तो बरोबर आहे."

तेल्वाचा चेहरा पडला.

"अहो, पुढे तर ऐका! तुटली म्हणजे काय कायमची गेली? परत आलात त्या दिवसापासून घड्याळ नव्याने सुरू झालं. तुम्ही परत येऊन आठ वर्षं झाली. आठ! पाच केव्हाच उलटली. मावशी, तुम्ही आजच्या आज अर्ज करू शकता."

तळघरात वरच्या मजल्यावरून गायनाच्या तालमीचा आवाज येत होता. तेल्वाने झुलैकाकडे बघितलं, मग भावाकडे.

"म्हणजे कार्ड काढून घेणार नाहीत?"

"कशासाठी काढून घेतील?"

"आणि गेल्या वर्षी केला असता तरी चाललं असतं?"

झुलैकाने पासपोर्ट तिच्यापुढे सरकवला. "चाललं असतं. त्याच्या आधीही."

तेल्वाच्या मनात पहिल्यांदा आनंद नाही आला, संताप आला. शिकोचा नाही, स्वतःचा. जांदिराने धरलेल्या झग्यांच्या सगळ्या शेपट्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. मग तिला इंग्रजीची आठवण झाली आणि संतापही विझला.

"पण पोरी, मला इंग्रजी येत नाही. वाचायला सांगितलं तर मी तिथेच बसेन दगडासारखी."

"वय किती तुमचं?"

"एकोणसाठ."

"आणि ग्रीन कार्डावर सोळावं वर्ष चालू. मग इंग्रजी लागत नाही तुम्हाला."

"काय?"

"पंचावन्नच्या वर वय आणि ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं झालेली असली की इंग्रजीची परीक्षा माफ. देशाची माहिती तेवढी विचारतात, तीही तुमच्या भाषेत. दुभाष्या बरोबर न्यायचा. क्रिओलमध्ये प्रश्न, क्रिओलमध्ये उत्तर."

तेल्वाने मांडीखालचे हात बाहेर काढले आणि तोंडावर धरले. लालाऊला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती हसतच होती. "क्रिओलमध्ये," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अरे देवा, क्रिओलमध्ये!"

पुढच्या रविवारी तिने लेकीला फोन केला. या वेळी काशूपा चढवायच्या आधीच. सगळं सांगून झालं आणि मग ती म्हणाली, "तेव्हा बाळा, माझी शपथ होईपर्यंत तेवढं..."

"थांब," जांदिराने वाक्य पुरं केलं. मग ती म्हणाली, "बरं. द्राक्षं उतरेपर्यंत. पुढच्या मोसमात मळ्यातली शेवटची टोपली उतरली की त्याच्या पुढच्या रविवारी माझं लग्न. तुझी शपथ होवो न होवो. त्यापुढे एक दिवस नाही, आई."

"तोवर होईल," तेल्वा म्हणाली. होईल की नाही हे तिला कुठे ठाऊक होतं!

झुलैकाने अर्ज भरून पाठवला. हिवाळाभर तेल्वाने परीक्षेचे शंभर प्रश्न पाठ केले. झुलैकाच्या आवाजात क्रिओलमधली प्रश्नोत्तरं तिच्या फोनमध्ये होती. ती बसमध्ये ऐकायची, कपडे धुताना ऐकायची. कारखान्यात शेजारी उभी राहणारी ओंदिना तिची मास्तरीण झाली. बर्फाच्या पाण्यात हात, समोर कॉड माशांचा ढीग, यंत्रांचा गोंगाट, आणि त्यातून ओंदिना ओरडायची, "तेल्वा! झेंड्यावर तेरा पट्टे का?"

"तेरा वसाहती होत्या म्हणून!"

"राष्ट्राध्यक्ष मेला तर कोण?"

"उपराष्ट्राध्यक्ष!"

"आणि तोही मेला तर?"

"सभागृहाचा अध्यक्ष! आणि तोही मेला तर तू बस जाऊन, ओंदिना!"

सगळ्या टेबलावर हशा पिकायचा. ईस्टरपर्यंत निम्म्या बायांना उत्तरं पाठ झाली होती आणि त्यांतल्या दोघी एका बुधवारी गुपचूप झुलैकाच्या तळघरात जाऊन आल्या.

मुलाखतीचा दिवस आला वसंत सरता सरता. लालाऊने तिला प्रॉव्हिडन्स शहरातल्या कचेरीत गाडीने नेलं. वाटेत तो तिला धीर द्यायचा म्हणून इतकं बोलला की शेवटी तेल्वा म्हणाली, "दादा, आता गप्प बस, नाहीतर मी तुझीच उत्तरं देऊन येईन." तिने चर्चला जायचा निळा झगा घातला होता आणि हातांना तीनदा लिंबू चोळलं होतं.

अधिकारी मध्यमवयीन, जाड चष्म्याचा. ना हसरा ना रागीट. शेजारी दुभाष्या. नाव, पत्ता, काम विचारून झालं. मग त्याने पडद्यावर काहीतरी बघितलं. तेल्वाला ठाऊक होतं आता काय येणार.

"तुम्ही एकदा आठ महिने देशाबाहेर होतात. का?"

झुलैकाने सांगून ठेवलं होतं, ते विचारतील, जे झालं ते सांगा, घाबरू नका. तेल्वाने दुभाष्याकडे न बघता थेट त्या माणसाकडे बघून सांगितलं.

"आमच्या गावावर डोंगर फुटला साहेब. आईचं घर लाव्हाखाली गेलं. तिला खाली शहरात एका शाळेच्या वर्गात ठेवलं होतं, फळ्याखाली. ती मला म्हणाली, मला घरी ने. घर नव्हतंच, नेणार कुठे? मग मी तिच्यापाशी राहिले. रोज म्हणायचे, उद्या बरं वाटेल, मग जाईन. नाही बरं वाटलं."

दुभाष्याने सांगितलं. अधिकाऱ्याने लिहायचं थांबवलं.

"आई वारल्या?"

"हो."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि त्याने कागद पुढे ओढला. "चला, आता प्रश्न घेऊ."

पहिले दोन बरोबर आले. तिसऱ्याला, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, याला ती अडली आणि नवाऐवजी बारा म्हणाली. बारा कुठून आले तिचं तिलाच कळेना, बहुतेक येशूचे शिष्य आठवले असावेत. मग पुन्हा गाडी रुळावर आली. त्यानंतर त्याने विचारलं, "अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला कोणता महासागर आहे?"

"अटलांटिक," तेल्वा म्हणाली. "त्याच्या पलीकडच्या काठाला माझी मुलगी आहे."

दुभाष्याने दोन्ही वाक्यं सांगितली. अधिकाऱ्याने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. आणखी एकच प्रश्न विचारला आणि मग लेखणी खाली ठेवली. दहापैकी सहा बरोबर लागायचे, ते झाले होते, पुढचे विचारायची गरज नव्हती.

"तुम्ही उत्तीर्ण झालात. शपथविधीची तारीख पोस्टाने कळेल."

बाहेर लालाऊ पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होता. तेल्वाने नुसती मान हलवली. त्याने रस्त्यात मध्येच तिला उचलून घेतलं आणि कमरेला उसण भरली. परत येताना गाडी तेल्वाला चालवता येत नाही म्हणून तो कण्हत, शिव्या देत, पण गात घरी आला.

तारीख मात्र लवकर येईना. जून गेला. जुलै लागला. फोगोवर द्राक्षं भरली. तेल्वा कामावरून आली की आधी पत्रपेटी उघडायची. वीजबिल, चर्चचं पत्रक, गाद्यांच्या सवलतीची जाहिरात. रविवारी फोनवर ती लेकीला विचारायची, "द्राक्षं कशी आहेत?" आणि जांदिरा कोरडेपणाने सांगायची, "उतरतायत." चर्चमध्ये लग्नाची घोषणाही झाली होती.

जुलैच्या अखेरीच्या रविवारी फोन आदेरितोने उचलला. हा माणूस बोलणारा नव्हता. बारा वर्षांत त्याने सासूशी फोनवर केलेलं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

"जांदिरा पाणी आणायला गेलीये," तो म्हणाला.

"द्राक्षं?" तेल्वाने विचारलं.

"झालीच. वरच्या बाजूच्या तीन ओळी राहिल्यात."

"त्या कधी उतरवणार?"

त्याने घसा खाकरला. "त्या अजून कच्च्या आहेत."

मागून त्याच्या आईचा आवाज आला, चांगला खणखणीत. "कच्च्या? अरे, मनुका झाल्यात मनुका! पाखरं खाऊन आडवी झालीत! कुणाला फसवतोस?"

"अजून थोडी गोड होऊ दे," आदेरितो फोनमध्ये म्हणाला. "मी नाही उतरवणार एवढ्यात. तुमचं पत्र येऊ दे सावकाश." आणि त्याने फोन ठेवून दिला.

तेल्वा फोन हातात धरून खुर्चीत बसली. हा माणूस आपल्या लेकीला आपल्यापायी बारा वर्षं नवरी करू शकला नाही, आणि आता त्या तीन ओळी पाखरांना घालतोय. तिने डोळे मिटून त्याच्यासाठी, त्याच्या आईसाठी आणि पाखरांसाठीसुद्धा प्रार्थना केली.

पत्र आलं ते त्याच आठवड्यात.

शपथ एका शाळेच्या मोठ्या सभागृहात झाली. दारात एका बाईने तिचं ग्रीन कार्ड मागून घेतलं आणि खोक्यात टाकलं. सोळा वर्षं जपलेलं, चर्चला जातानाही झग्याच्या आतल्या खिशात ठेवलेलं कार्ड. ते गेलं तेव्हा तेल्वाला क्षणभर अंगावरचं वस्त्र उतरवल्यासारखं झालं. मग सगळे उभे राहिले. तिच्या उजवीकडे ग्वातेमालाचा एक उंच तरुण होता, डावीकडे व्हिएतनामी आजी, तिची नात तिच्या कानात शब्द सांगत होती. शपथ इंग्रजीत होती. तेल्वाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण झुलैकाने तिला शब्दन् शब्द क्रिओलमध्ये समजावून दिला होता, आणि तिने हात वर करून ओठांना जमतील तसे ते आवाज काढले. शेवटी टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून लालाऊने अशी काही शिट्टी घातली की पुढे बसलेल्या एका बाईच्या हातातलं बाळ भोकाड पसरून रडायला लागलं.

बाहेर आल्या आल्या, पायऱ्यांवर उभं राहूनच तिने फोन लावला.

"झालं," ती म्हणाली.

पलीकडे पाण्याची घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जांदिरा, ऐकतेस ना? झालं. मी नागरिक झाले. आता तू लग्न कर. उद्या कर. आत्ता कर! पाद्रीबाबांना उठव झोपेतून!"

मग जांदिरा रडली. तेल्वाने तिला इतकं रडताना कधी ऐकलं नव्हतं, आपण विमानात चढलो त्या दिवशीसुद्धा नाही. हुंदक्यांतून ती मळ्याकडे तोंड करून ओरडली, "आदेरितो! काढ रे ती द्राक्षं!"

"माझ्यासाठी खोळंबू नका," तेल्वा म्हणाली. "कार्ड घेतलं त्यांनी. नवा पासपोर्ट यायला वेळ लागेल."

"वेडी आहेस का? तुझ्याशिवाय? ये तू पासपोर्ट घेऊन. आता मला वाट बघायला काही वाटत नाही."

पासपोर्ट यायला महिना लागला. सप्टेंबरात, नव्या पोर्तेलातल्या लहानशा चर्चमध्ये जांदिरा नवरी झाली. गाव लाव्हावरच पुन्हा वसलं होतं, काळ्या दगडांच्या भिंती, काळ्या मातीत हिरवे वेल. झग्याची शेपटी जांदिराच्या धाकट्या लेकीने धरली आणि ती दोनदा तिच्यावरच अडखळून पडली. आदेरितोच्या आईने तेल्वाला मिठी मारली आणि भर मांडवात म्हणाली, "अखेर आलीस! तुझ्या त्या अमेरिकेने माझ्या तीन ओळी खाल्ल्या, कळलं ना?"

"कळलं. पुढच्या वर्षी मी येऊन तोडीन," तेल्वा म्हणाली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मायलेकी अंगणात बसून मोठी पातेली घासत होत्या. उन्हाने पाण्यात चमक आली होती. जांदिराने राखेचा हात पातेल्यात फिरवता फिरवता विचारलं, "आई, आता माझा नंबर यायला किती वर्षं?"

"झुलैका म्हणते पुष्कळ. लग्न झालेल्यांची रांग लांब असते. आठ, दहा, जास्तही."

"तोवर थोरला कॉलेजात असेल." जांदिराने पातेलं उपडं ठेवलं. "एक सांगू? रागावणार नाहीस?"

"सांग."

"आमचा वेल आत्ता कुठे नीट धरायला लागलाय. आदेरितोला इथून हलायचं नाही. मला... मलाही ठाऊक नाही, आई. इतकी वर्षं मी अमेरिकेला जायचं की नाही हा विचारच केला नाही. नुसती वाट बघत होते. नंबर आला तर बघू. पोरांना जायचं असेल तर जाऊ. नाही तर नाही."

तेल्वाला वाटलं होतं, असं काही ऐकावं लागलं तर आपलं काळीज फाटेल. लेक अमेरिकेला यावी म्हणूनच तर सगळं केलं होतं. तिने मनातल्या मनात चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का. जरासं दुखलं, नाही असं नाही. पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी पसरत चाललं होतं, ओझं उतरवल्यावर खांद्यांना होतं तसं. अर्ज जिवंत होता. लेक नवरी झाली होती. आता कुणी कुणाला थांब म्हणणार नव्हतं.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "नाही आलीस तर मी येत जाईन. मला कोण अडवतंय?"

"खरंच येशील?"

"येईन नाही तर काय. ते पातेलं दे इकडे, तुला घासता येत नाही. बघ, तळाला सगळा काशूपा तसाच आहे."

जांदिराने पातेलं सरकवलं आणि ओल्या हातांनीच आईच्या गळ्यात पडली. घरातून आदेरितोची आई कॉफी झाली म्हणून हाका मारत होती.